बालहक्कांवर थिसिस करायचाय, मुलांच्या मुलाखतींपासून सुरुवात करू का?

तुम्ही विचारलंय की संस्थेत राहणाऱ्या मुलांशी बोलून त्यांना त्यांचे हक्क मिळतात का हे बघायचंय, तर सुरुवात कशी करू. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून सरळच सांगते, मुलाखती शेवटी ठेवा, आणि पहिलाच प्रोजेक्ट असेल तर घेऊच नका.

कारण समजा एखाद्या मुलीने मधेच सांगितलं की मला इथे मारतात, मग काय करणार? तुम्ही फॉर्मवर 'माहिती गोपनीय राहील' लिहून मोकळे झालेले असता, आणि बऱ्याच देशांत असं काही कळलं की ते कळवणं कायद्यानेच बंधनकारक असतं (कुठे ठराविक व्यवसायातल्यांना, कुठे सगळ्यांनाच). म्हणून पूर्ण गोपनीयतेचं वचन मुलाला कधीच द्यायचं नाही, कुठली गोष्ट मी स्वतःपुरती ठेवू शकणार नाही हे बोलायला बसण्याआधी त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, आणि कुणाला कळवायचं, त्यानंतर त्या मुलासोबत कोण असेल हे पण आधीच ठरलेलं हवं. संमतीचं तर विचारूच नका. पालकाची किंवा संस्थेची सही म्हणजे मुलाचा होकार नाही, आणि ज्यांच्या हातात आपलं जेवण आणि झोपायची जागा आहे त्यांनीच 'जा, ताईंशी बोल' म्हटल्यावर कुठलं मूल नाही म्हणेल?

मग करायचं काय? मुलाने कुठे राहायचं याबद्दलचे निर्णय वाचा. 1989 च्या बालहक्क कराराचं कलम 3 म्हणतं मुलाचं हित आधी बघा, कलम 12 म्हणतं त्याचं म्हणणं ऐका आणि वय, समज बघून त्याला वजन द्या. कागदावर छानच आहे, पण मूल म्हणतं घरी जायचंय आणि अधिकारी म्हणतात तिथे धोका आहे, की झालं भांडण सुरू. करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2013 मध्ये स्पष्ट म्हटलंय की निर्णय मुलाच्या मताविरुद्ध गेला तर का ते लिहा. आता तुमच्या इथल्या कोर्टाचे किंवा बालकल्याण समितीचे आदेश (रीतसर परवानगीने, नावं काढलेले) घ्या आणि फक्त एवढंच बघा, मुलाला विचारलं का, त्याचे शब्द नोंदवले की 'मूल संस्थेत खूश आहे' असं एक ठोकळेबाज वाक्य टाकलं, आणि कारण दिलं का. थिसिसला एवढं पुरतं, खरंच.

फक्त फाईल म्हणजे घडलेलं सगळं असं धरू नका, कुणाला तरी लिहावंसं वाटलं तेवढंच त्यात असतं. आकड्यांचं पण तसंच, तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचारच वाढले असं नसतं, कधी हेल्पलाईन नवीन सुरू झालेली असते, कधी व्याख्या बदललेली असते.

पुढे कधी मुलांसोबतच काम करायचं ठरलं तर रोमानियातल्या बुखारेस्टचा अभ्यास नक्की वाचा. 2000 च्या सुमारास सुरू झाला, संस्थेतली 136 लहान मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून अर्धी फॉस्टर कुटुंबांत (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत) पाठवली. कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ जास्त चांगली झाली, लवकर गेलेल्यांची तर अजूनच, पण बाकीची अर्धी मुलं संस्थेतच का ठेवली यावर अजून वाद होतात. नंतर कुटुंब मिळालं तर अभ्यासासाठी कुणालाही अडवायचं नाही असा नियम होता, तरीही.

आणि हो, नुसती नावं काढून भागत नाही. वय, आजार आणि संस्थेचं ठिकाण एका ओळीत आलं की ओळखीचा माणूस मूल बरोबर ओळखतो, त्यामुळे असे तपशील वेगळे करा नाहीतर गाळाच.