१९२३ च्या जॅझ रेकॉर्डमध्ये ड्रम का ऐकू येत नाहीत?

ड्रमर होता, पण त्याचा दणका यंत्राला झेपत नव्हता. १९२५ पर्यंत बहुतेक स्टुडिओंत मायक्रोफोन नव्हताच. वादक भोंग्यासमोर वाजवायचे आणि भोंग्याच्या टोकाच्या पातळ पडद्याची थरथर सुई थेट मेणाच्या तबकडीवर कोरायची. बास ड्रम वाजला की सुई उडण्याची भीती, म्हणजे तबकडी बाद. म्हणूनच एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा बँडचा ड्रमर बेबी डॉड्स याच्या वाट्याला मुख्यतः वाजवायचे लाकडी ठोकळे आले. (त्यावरून त्याचं ड्रमिंग जोखू नका!) लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) जोरकस, म्हणून तो बाकीच्यांच्या मागे उभा.

मूळ तबकडी ऐकणार असाल तर ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची) जाड, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लावा. एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकड्यांची) बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, नुसती खरखर येते. ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) फार कापू नका, ठोकळ्यांची टकटक जाईल.