चोर्ल्याच्या पावसात टायर बसला तर

प्रश्न : दादा, मी शहापूरची, बेळगावातली. माहेर गोव्यात साखळीला, त्यामुळे जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता नेहमीचा. गेल्या जुलैत कणकुंबीच्या पुढे डावीकडचं मागचं चाक बसलं. धुकं, वरून पाऊस, सोबत सासूबाई आणि लहान मुलगा. गाडी होती तिथंच कडेला घेतली आणि जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच मातीत रुतत गेला. शेवटी दुधाच्या गाडीवाल्यांनी थांबून चाक बदलून दिलं. पावसात लवकरात लवकर चाक कसं बदलायचं? आणि आता नवी गाडी बघतोय, तिच्यात स्टेपनीच येत नाही म्हणतात, हे खरं का? – एक वाचक, शहापूर

उत्तर : ताई, चाक बदलणं तुम्हाला जमेल, त्याची काळजी करू नका. मला काळजी वाटली ती तुम्ही गाडी कुठं थांबवलीत त्याची. जांबोटी रस्त्याला पिरनवाडीत माझं पंक्चरचं दुकान आहे. पावसाळ्यात चोर्ल्याकडून येणारी फाटकी टायरं रोज हातात येतात. टायर बसला की माणूस आधी टायर वाचवायला बघतो आणि लगेच थांबतो, मग ते वळण असो की दरडीचा पायथा. तसं करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ब्रेक एकदम दाबू नका. वेग उतरला की चारही इंडिकेटर चालू करा आणि पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढ्या वेगानं, गाडी पुढे न्या. सपाट, रुंद, कडक जागा मिळेपर्यंत न्या. टायरची वाट लागेल, रिमलाही मार बसेल कदाचित. बसू दे. टायर बेळगावात कधीही मिळतो.

कणकुंबीच्या पुढे, मलप्रभेच्या उगमाकडच्या त्या पट्ट्यात, पावसाळ्यात डांबराच्या कडेला गवत असं माजतं की खालची चर दिसतच नाही. हिरवं दिसतं म्हणून चाक तिकडे घातलं की गाडी एका अंगाला कलंडलीच. तेव्हा गवतात उतरू नका. नुकती माती घसरलेली दिसते तिथंही नको, वरून आणखी यायची असते. एखाद्या हॉटेलसमोरची मोकळी जागा, देवळाचं आवार, बसस्टॉपचा कट्टा, यातलं काही दिसेपर्यंत दम धरा.

थांबलात की आधी माणसं उतरवा. सासूबाई आणि मुलगा गाडीत बसलेले असताना जॅक लावायचा नाही, पाऊस कितीही असो. त्यांना रस्त्यापासून लांब उभं करा, गाडीच्या मागे तर मुळीच नको. गाडीसोबत लाल त्रिकोण आलेला असतो, बहुतेकांच्या डिकीत तो प्लास्टिकच्या पिशवीतून कधी निघालेलाच नसतो. तो पन्नासेक पावलं मागे ठेवा. मागे वळण असेल तर वळणाच्याही मागे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसेल. ट्रकवाले फांद्या आणि दगड लावतात, तेही चालतं. पण निघताना ते दगड उचलून बाजूला टाका, ताई. चाक बदलून गाडी जाते आणि दगड रस्त्यातच राहतात. रात्री धुक्यात मोटरसायकलवाला त्यावर जातो. याचा मला फार राग येतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

आता जॅक. आपली तांबडी माती पाणी प्याली की लोण्यासारखी होते आणि जॅकचा तळ असतो हाताच्या पंजाएवढा. सगळं वजन तेवढ्यावर येणार, मग रुतणारच. सुताराकडून फूटभर लांब, वीतभर रुंद, दीड इंच जाडीची फळी कापून घ्या आणि डिकीत टाकून ठेवा. जॅक फळीवर, फळी जमिनीवर. शक्यतो डांबरावरच. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा; जांभ्याचा चिरा तिथं कुठंही पडलेला असतो.

नट आधी ढिले करायचे, गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा फक्त. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. हाताचा जोर पुरत नसेल तर पान्यावर पाय देऊन वजन टाका, पण एका हातानं गाडी धरा. ओली चप्पल सटकते. मग जॅक पत्र्यावरच्या खाचेतच बसवा. दाराखालच्या कडेला चाकाजवळ दोन खुणा असतात. काढलेले नट खाली ठेवू नका, वाहत्या पाण्यात गेले की सापडत नाहीत. खिशात टाका. एका चाकाचे नट हरवलेच, तर बाकीच्या तिन्ही चाकांचा एकेक काढून लावा आणि सावकाश गावापर्यंत या.

कधी कधी नट सगळे निघतात आणि चाक मात्र गंजून हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेलं असतं. अशा वेळी लोक जॅकवरच्या गाडीला लाथा मारतात. त्यापेक्षा नट हातानं सैलसर परत लावा, गाडी खाली घ्या, लावलेले दगड काढा, हातभर पुढे-मागे करा. गाडीच्या वजनानं चाक सुटतं. स्टेपनी लावताना नट गोल क्रमानं आवळू नका, समोरासमोरचे आवळा. शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर. साखळीला पोचलात की एकदा परत आवळून बघा.

स्टेपनीचं म्हणता ते खरं आहे. 2020 मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. त्या किटात द्रवाची बाटली आणि हवा मारायचा छोटा पंप असतो. खिळ्याचं भोक त्यानं बुजतं, पण टायरची बाजू चिरली तर ती बाटली काही कामाची नाही. आणि खड्ड्याच्या कडेनं टायर चिरतो तो बाजूलाच. तुमचा रस्ता चोर्ल्याचा, म्हणून मी आग्रहानं सांगतो : स्टेपनीची गाडी घ्या. छोट्या आकाराची स्टेपनी असेल तर तिच्यावर 80 चा वेग लिहिलेला असतो, पावसात त्याच्याही निम्म्यानं चालवा. स्टेपनीत हवा आहे का ते मृगाच्या आधी बघून घ्या. चारही टायरांच्या खाचा 1.6 मिलिमीटरच्या खाली गेल्या की कायद्यानंच टायर बाद. मी मात्र 3 वर आला की पावसाळ्यापूर्वी बदला म्हणतो.

आणि धुकं दाट असेल, अंधार पडला असेल, तर चाक बदलूच नका. रस्त्यापासून लांब थांबा आणि 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. आधी मैलाचा दगड आणि जवळच्या गावाचं नाव सांगा. पुणे-बेंगळुरू हायवेवर, निपाणी-संकेश्वर-हत्तरगीच्या बाजूला असाल तर 1033, हायवेचा मदतीचा नंबर. तिकडे एक कानडी वाक्य पाठ असू द्या : ‘टायर पंक्चर आगिदे’, म्हणजे टायर पंक्चर झालाय. जांबोटी, कणकुंबीत मराठीच चालते.

प्रश्न : पावसाळ्यातच मोटरसायकल एवढी पंक्चर का होते? मित्र म्हणतात पंक्चरवाले खिळे टाकतात. – एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : रबर कापताना आम्ही सुरीला पाणी लावतो, म्हणजे ती सहज आत जाते. ओल्या रस्त्यावर खिळा आणि काच तशीच टायरात शिरते. शिवाय पाण्याबरोबर रस्त्यावरचा सगळा कचरा कडेला येऊन साठतो आणि तू दुचाकीवर कडेनंच जातोस. अंतर ठेवून पुढच्या गाडीच्या चाकांच्या पट्ट्यातून जा, तिथला कचरा बाजूला उडालेला असतो. साठलेल्या पाण्यातून जाऊ नकोस, खाली खड्ड्याची धार असते.

खिळा दिसला आणि टायर ट्यूबलेस असेल तर तो उपटू नकोस. तोच भोक धरून असतो. सावकाश दुकानापर्यंत ये, तिथं काढू. ट्यूबचा टायर असेल तर मात्र उतर आणि ढकलत ने. बसलेल्या टायरवर चालवलास तर वॉल्व्हपाशी ट्यूब फाटते, मग ती जोडता येत नाही.