‘पर्यायच नव्हता’ असं आपण कधी म्हणतो?

तुम्ही विचारलंय : “रोजच्या आयुष्यात आपण खरंच काही निवडतो का, की परिस्थिती भाग पाडते? गोष्टीतली माणसं निर्णय घेतात, पुढारी घेतात, माझ्या हातात मात्र काहीच नाही असं वाटतं.”

या प्रश्नाचं उत्तर मी आमच्या घरात शोधत आले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी लालबागच्या चाळीत वाढले. बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियनचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे राहिले. लोकांना पगारवाढ आणि बोनसच्या मागण्या आठवतात, पण बाबा घरी जास्त बोलायचे ते ‘बीआयआर’बद्दल, म्हणजे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याबद्दल. त्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्हाला ठरवू द्या, असं संपकऱ्यांचं म्हणणं होतं.

पाऊस सरत आला होता. एका रात्री खात्यातला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आमच्या दारात आला. रात्रीच्या पाळीला मागच्या दाराने आत घेतात, आतच राहायचं, आतच जेवायचं, पगार पुरा आणि वर उचल, असा निरोप होता. त्याने छत्री मिटून भिंतीला टेकवली होती आणि तिच्या टोकातून पाणी गळून गॅलरीच्या फरशीवर ओघळत आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी आईच्या मागून ते पाणीच बघत होते. बाबा “नको” म्हणाले आणि दार लावून घेतलं. दोन खोल्या सोडून राहणारे एक काका दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत. ते गेले होते. त्यांच्या घरातही तीन लहान पोरं होती, आणि आईने त्या काकूंशी बोलणं एक दिवसही तोडलं नाही.

पुढे तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. बाबांची नोकरी गेली ती गेलीच. मग वर्षानुवर्षं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, “आमच्यापुढे पर्यायच नव्हता.” आणि आई दर वेळी हातातलं काम थांबवून म्हणायची, “होता की. छत्री घेऊन दारात उभा होता. तुम्ही नको म्हणालात.”

लहानपणी मला तो टोमणा वाटायचा. पण तिला तसं म्हणायचं नव्हतं. आपला नवरा भुकेला भ्याला नाही हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ती गोष्ट त्याने परिस्थितीच्या नावावर टाकावी हे तिला सोसत नव्हतं.

आपल्या भाषेत तांदूळ निवडतात, मेथीही निवडतात आणि आमदारही. तेव्हा रेशनच्या तांदळात खडे फार असत. आई ताट जरा हलवायची आणि तिची बोटं तांदळावर नाही, नेमकी खड्यावर जायची. जे टाकायचं तेच हाताला लागतं. त्या रात्री बाबांनी काय टाकलं, हे आम्हा सगळ्यांना पुढची दहा वर्षं रोज दिसत होतं. म्हणून तुम्ही खरंच निवड केली होती का हे बघायचं असेल, तर तुम्ही काय टाकलं ते आधी आठवून बघा.

आता दुसरी बाजू, ती लपवून उत्तर देणं बरोबर नाही. माझी मोठी ताई तेव्हा सातवीत होती. शाळेतून काढून तिला गावी आजीकडे पाठवलं, एक तोंड कमी म्हणून. तिला कुणी विचारलं नाही. बाबांचं ‘नको’ तिच्याही वाट्याला आलं आणि त्यात तिचा शब्द नव्हता. ‘पर्यायच नव्हता’ हे वाक्य आमच्या घरात कुणी म्हणायचं असेल तर तिने. ती ते कधीच म्हणाली नाही.

गोष्टींबद्दल थोडं. मी कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवते. मुलं उत्साहाने लिहून आणतात, आणि बहुतेक संहितांत नायकावर नुसतं कोसळत असतं : बापाचं कर्ज, आजारपण, दुरावलेली मैत्रीण. मी एकच विचारते, याला दुसरं काही करता आलं असतं का, आणि ते आपल्याला समोर दिसतंय का? कर्णाचंच बघा. “बिचाऱ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता” असं आपण सहज म्हणून जातो. महाभारतात तसं नाही. उद्योगपर्वात युद्धाआधी कृष्ण त्याला रथात घेऊन स्पष्ट सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, राज्य तुझं. कर्ण सगळं ऐकून घेतो. मला वाढवलं ते राधा-अधिरथाने, माझा संसार सूतांत, दुर्योधनाच्या आधारावर मी राज्य भोगलं, म्हणून येणार नाही, असं तो सांगतो. वर हेही म्हणतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपली बाजू हरणार हे त्याला दिसत असतं. पर्याय काढून घेतला तर कर्णाची फक्त कीव येते. पर्याय ठेवला तर त्याच्याशी भांडावंसं वाटतं, आणि मला तोच कर्ण खरा वाटतो.

राजकारणात हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं, पक्ष बदलणाऱ्याकडूनही आणि मत न देणाऱ्याकडूनही. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे दिसल्यावर १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला. गप्प बसून राहण्याचा पर्याय त्यांना होताच, आणि तो सोयीचाही होता.

आणि साध्या मतदारांचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक मला फार महत्त्वाची वाटते. मुख्य प्रतिस्पर्धी उमेदवाराने माघार घेतली, निकाल ठरल्यासारखाच होता, मतदानही एकतृतीयांशाहून कमी झालं. तरी १२,८०६ जणांनी केंद्रापर्यंत जाऊन ‘नोटा’चं, म्हणजे ‘यापैकी कुणीही नको’चं, बटण दाबलं. विजयी उमेदवाराला ६६,५३० मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता, नोटा होता. विधानसभेला नोटाने निकाल उलटत नाही. सगळ्यांनी एकाच कारणाने ते दाबलं असंही मी म्हणत नाही. पण यातला कुणी घरी बसून “पर्यायच कुठे आहे” म्हणाला नाही.

तुमच्या हातात काहीच नाही असं वाटतं, तेव्हा आठवड्याभरात “काय करणार, भागच होतं” असं तुम्ही कितीदा म्हणालात ते मोजा. काही वेळा ते खरंच असेल. नोकरी, हप्ते, आजारी माणूस, यातून कुणी हवेत उडी मारत नाही. पण काही वेळा दार तुम्हीच लावलेलं असेल. ते स्वतःच्या नावावर घ्या, चांगलं असो की वाईट.

ताई आता भांडुपला असते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा मी तिच्याकडे गेले होते. गुडघे दुखतात तरी ती सकाळी सातलाच रांगेत उभी राहिली होती. मी पोचले तेव्हा परत येऊन मेथी निवडत बसली होती, बोटावरची शाई अजून ओली दिसत होती. मी सहज विचारलं, कुणाला दिलंस?

“ते नाही सांगणार,” ती म्हणाली. “ते माझं मी ठरवलंय.” आणि जुडीतल्या काड्या माझ्याकडे सरकवल्या.