रापण, 16 पानं आणि कॉमिक कॉनचं टेबल

प्रश्न : रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीवर, 16 पानांचं कॉमिक काढलंय. चित्रं आवडतात, पण गोष्ट पकड घेत नाही, असं सगळे म्हणतात. जाळं किनाऱ्याला लागतं तो प्रसंग पान 5 वर आहे. काय बदलू?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आधी तो प्रसंग तिथून हलवा. अंकात विषम पान उजवीकडे येतं. पान 4 वाचायला घेतलं की शेजारचं 5 दिसतंच, म्हणजे जाळ्यात काय आलं ते आधीच फुटलं. उत्सुकता ताणावी उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि उत्तर द्यावं पान उलटल्यावर. पान 7 च्या तळाला फक्त ताणलेला दोर आणि वाळूत रुतलेल्या टाचा ठेवा. पान उलटलं की 8-9 वर सलग जाळं. मध्ये पिन मारलेल्या 16 पानी अंकात आतली ही दोनच समोरासमोरची पानं एका कागदावर येतात. बाकी जोडपानं वेगवेगळ्या कागदांवर असतात. तिथे घडी जराशी सरकली तरी दोर मधोमध तुटलेला दिसतो.

आणि निवेदन निम्म्यावर आणा. माणसं दोर ओढताना दिसतायत, मग वर ‘सगळे जोर लावू लागले’ कशाला? चित्रात नाही ते बोलू द्या : वाटे कसे पडणार, होडीच्या दुरुस्तीचं काय. तेही मालवणीत आलं तर झकास.

प्रश्न : मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्याला, विक्रीसाठी टेबल घ्यायचा विचार आहे. अंक घरीच कसा तयार करू? प्रती किती?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पहिल्या खेपेला 40-50 प्रती पुष्कळ झाल्या. उरलेलं ओझं तुतारी एक्स्प्रेसमधून तुम्हालाच परत आणायचंय.

ए4 चे 4 कागद एकात एक दुमडले की ए5 ची 16 पानं होतात. आधी कोऱ्या कागदांची डमी करा, पेन्सिलीने पानांचे आकडे टाका आणि उलगडून बघा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, मागे 2 आणि 15. प्रत्येक जोडीची बेरीज 17 यायला हवी. नाही आली तर तिथेच घोळ आहे. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळवा, नाहीतर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्याने शिवा.

मूळ चित्र ए4 वर असेल तर छापताना ते साधारण 71 टक्के होतं. 4 मिलिमीटरचं अक्षर 3 च्याही खाली जातं, म्हणून 5 चं काढा. ओळींत अंतर सढळ ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. काळ्या रेषांचं स्कॅनिंग 600 डीपीआयवर करा. संगणकावर अक्षरं टाकली असतील तर फाँटचं रूपांतर आउटलाइनमध्ये (म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकारांत) करूनच पीडीएफ द्या. छापखान्यात तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात.

छपाई शक्यतो पावसाळ्यात नको. आपल्याकडच्या दमट हवेत कागद ओल धरतो, लेझर प्रिंटरमधून वळून बाहेर येतो किंवा आतच अडकतो. थांबता येत नसेल तर रीम ऐन वेळी फोडा आणि उरलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

टेबलावर क्यूआर कोड असतोच, तरी सुटे पैसे न्या. गर्दीत नेटवर्क रडतं.

प्रश्न : कॉमिक कॉनमध्ये गोष्ट सांगण्याबद्दल शिकायला काय मिळेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चर्चासत्रं ऐकाच, पण त्याहून कामाची तुमची डमी, म्हणजे अंकाची कच्ची प्रत. अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो जिथे पान मागे उलटेल तिथे खूण करा. बहुतेक वेळा चौकटींचा क्रम तिथेच गंडलेला असतो.