बचत गटाच्या बैठकीत दोघीच बोलतात, बाकीच्या गप्प. गोष्टी सांगून फरक पडेल का?

पडतो ताई, पण बोधकथेनं नाही. तुमचा १२ जणींचा गट, बैठक दर आठवड्याला, आणि अध्यक्ष-सचिव सोडून कोणी तोंड उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा ठिकाणी अध्यक्षांनीच एकीच्या बळाची गोष्ट सांगितली तर बाकीच्या १० जणी पुन्हा ऐकण्याच्याच कामाला लागतात. गोष्ट गप्प बसणारीच्या तोंडून यायला हवी.

तिला 'आयुष्यातला संघर्ष सांगा' म्हणू नका. 'आमचं काय सांगायचं' म्हणून ती पदर सावरून बसेल. विचारा, गटात भरलेला पहिला हप्ता कुठून आणला होता? याचं उत्तर प्रत्येकीकडे असतं. कोणी अंडी विकलेली असतात, कोणी खुरपणीच्या मजुरीतले बाजूला काढलेले, कोणी डाळीच्या डब्यात दडवलेले. एकीनं डब्याचं नाव काढलं की शेजारची हसते, कारण तसा डबा तिच्याही घरात असतो. तिची बारी आली की ती आपणहून बोलते.

हजेरी आणि बचत झाली की, कर्जमागणीच्या आधी हे घ्या. सुरुवातीला ठेवलं तर उशिरा येणाऱ्या मुकतात, शेवटी ठेवलं तर सगळ्यांना घरी जायची घाई. एका बैठकीत तिघी, प्रत्येकी ३ मिनिटं. ४ आठवड्यांत सगळ्यांची फेरी होते. सगळ्या एकाच सतरंजीवर गोल बसा, अध्यक्षांची खुर्ची असेल तर ती काढा.

ऐकणाऱ्यांनी फक्त हुंकार द्यायचा. 'मग तू असं करायचं होतंस' हे एक वाक्य आलं की पुढची गोष्ट तिथंच अडते, म्हणून सल्ला देणारीला तिथल्या तिथं थांबवा.

माझ्या मते खरं काम पुढच्या बैठकीत होतं. गेल्या वेळची एक गोष्ट दुसऱ्याच बाईनं दोन-तीन वाक्यांत सांगायची आणि जिची गोष्ट तिनं चूक दुरुस्त करायची. अबोल बाईला स्वतःपेक्षा दुसरीबद्दल बोलणं सोपं जातं. शिवाय नीट ऐकायची सवय लागते. मग कर्जाच्या चर्चेत 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे भांडण कमी होतं. श्रावणातल्या कहाण्यांतलं 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' असंच वरचेवर ऐकून तोंडी बसलेलं असतं.

बिघडतं ते बहुतेक गोष्ट गावात फुटल्यामुळे. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या पैसे, काम, बाजार एवढ्यावरच ठेवा. सासू-सून किंवा जावा एकाच गटात असतील तर घरचा विषय नकोच. थकलेल्या हप्त्याची गोष्ट कोणाकडूनही वदवून घेऊ नका, तो सरळ अपमान आहे. आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून कर्ज मंजूर करू नका, गरज आणि परतफेडच पाहा. मारहाणीचं काही निघालं तर गोलात चर्चा न करता त्या बाईशी नंतर एकटीशी बोला, १८१ ही महिला हेल्पलाइन तिला सांगा.

फेऱ्या झाल्या की गटाची स्वतःची गोष्ट बांधा: पहिली बैठक कोणाच्या ओट्यावर झाली, किती जणी होत्या, पहिलं कर्ज कशासाठी दिलं. नवी सदस्य आली की तिला ती अध्यक्षांनी नव्हे, तिच्या आधी सगळ्यात शेवटी आलेल्या बाईनं सांगायची. ती अडली की बाकीच्या आपोआप बोलायला लागतात.