बोलायला उभे राहताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बढती मिळाल्यापासून दर महिन्याला तीस-चाळीस जणांसमोर अहवाल मांडावा लागतो. नाव पुकारले की छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते, आवाज कापतो. हातातला कागद थरथरतो, ते सगळ्यांना दिसत असणार. ही भीती कायमची घालवण्याचा उपाय सांगा.

उत्तर : कायमची घालवण्याचा आग्रह आधी सोडा. वर्षानुवर्षे व्यासपीठ गाजवणाऱ्या अनेकांनाही बोलण्याआधी धडधडते. ती धडधड असतानाच पहिले वाक्य बोलायला ते शिकलेले असतात.

अनेकांच्या नजरा आपल्याकडे वळल्या की मेंदूला तो धोका वाटतो आणि रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते. हृदय वेगाने चालते. लाळ कमी सुटते, म्हणून जीभ टाळूला चिकटते. श्वास वरवर होतो, गळ्याचे स्नायू आखडतात, म्हणून आवाज कापतो आणि चढतो. ही लाट बहुतेकांच्या बाबतीत बोलण्याच्या जरा आधी आणि पहिल्या मिनिटात सर्वांत मोठी असते, नंतर ओसरू लागते. त्यामुळे तयारीचा मोठा वाटा पहिल्या मिनिटाला द्या.

नाव पुकारण्याच्या पाचेक मिनिटे आधी नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्या आणि ६ ते ८ अंक मोजत हळू सोडा. असे आठ-दहा वेळा करा. श्वास सोडणे लांबले की हृदयाची गती उतरते. पुष्कळजण इथे घाईघाईने मोठे मोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणे आणखी वाढते. बोलण्याआधीची कडक कॉफी टाळा, तीही धडधड वाढवते. दोन घोट पाणी पुरे.

पहिले वाक्य पाच-सहा शब्दांचेच ठेवा. त्या क्षणी श्वास तोकडा असतो आणि मराठीत क्रियापद शेवटी येते. लांबलचक वाक्याच्या टोकाला श्वास संपला तर नेमके ‘झाले’ की ‘झाले नाही’ हेच गिळले जाते. अहवालात तर तेवढेच ऐकायला लोक बसलेले असतात.

कागदाचे म्हणाल तर सुटा पातळ कागद बोटांची बारीक थरथर कितीतरी मोठी करून दाखवतो. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे घ्या किंवा कागद मेजावरच ठेवा. आणि सगळ्यांना दिसते हा तुमचा अंदाज बराचसा चुकीचा आहे. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्यांना आपली घबराट जितकी उघड वाटत होती, तितकी ती ऐकणाऱ्यांना जाणवत नव्हती. ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधीच सांगितली, त्यांची भाषणे जास्त चांगली झाली. म्हणून ती तुम्हालाही सांगून ठेवतो.

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेचे भाषण मी शब्द न् शब्द पाठ करते. घरी आरशासमोर एकही चूक होत नाही. व्यासपीठावर मात्र एक शब्द निसटला की पुढचे सगळे पुसले जाते.

उत्तर : पाढा म्हणताना कोणी मध्येच अडवले तर आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तुमच्या भाषणाचे तेच होते. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने आठवते, त्यामुळे एक गेले की पुढच्याला आधार उरत नाही.

पाठ करायचे ते पहिली दोन वाक्ये, शेवटचे वाक्य आणि अवतरणे. बाकीचे भाषण ५ ते ६ मुद्द्यांत मांडा. दर मुद्द्याला एक कार्ड, त्यावर ठळक अक्षरात तीन-चार शब्द, कोपऱ्यात क्रमांक (कार्डे हातातून पडली की त्याची किंमत कळते). तोच मुद्दा रोज वेगळ्या शब्दांत सांगून पाहा. अधूनमधून पत्त्यांसारखी कार्डे पिसा आणि जे हाती येईल तिथून बोलायला लागा. मधूनच सुरुवात करता आली की विसरण्याचा धाक निम्मा होतो. कार्ड हातात घेण्याची परवानगी नसेल तरी सराव असाच करा.

आरशासमोर सराव करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण अर्धे लक्ष आपल्याच चेहऱ्यावर जाते. उभे राहून, मोठ्या आवाजात, दोन-तीन माणसांसमोर बोला. त्यांतल्या एकाला मध्येच खोकायला किंवा उठून जायला सांगा.

तरीही आठवेनासे झाले तर शेवटचे वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, घोटभर पाणी प्या, पुढच्या मुद्द्यावर जा. ३ सेकंदांची शांतता तुम्हाला लांबलचक वाटते, श्रोत्यांना तो साधा विराम वाटतो. ‘माफ करा, विसरले’ असे म्हणू नका. तुम्ही काय गाळले हे त्यांना ठाऊकच नसते.

प्रश्न : मला अजिबात भीती वाटत नाही. आयत्या वेळी उभा राहून बोलतो. तरी आयोजक नेहमी ‘आवरा’ अशी चिठ्ठी का पाठवतात?

उत्तर : वेळ संपते म्हणून. भीती नसल्याने तुम्ही तयारी सोडली असावी, आणि बिनतयारीचे बोलणे एकाच मुद्द्याभोवती फिरत राहते. १० मिनिटे मिळाली असतील तर ८ मिनिटांचेच ठरवा. मोबाइलवर एक भाषण ध्वनिमुद्रित करा आणि कोणती गोष्ट किती वेळा सांगितली ते कागदावर मांडत ऐका. ऐकवत नाही, पण याइतका उपयोगी दुसरा उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : भाषणाआधी धडधड थांबवणारी गोळी मिळते म्हणे. घेऊ का?

उत्तर : प्रोप्रानोलॉल ऐकले असेल. ते हृदयाची गती आणि हातांची थरथर कमी करते, पण दम्याच्या रुग्णाला त्याने श्वास घेणे कठीण होऊ शकते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नका, आणि दिल्यास पहिला डोस भाषणाच्या दिवशी नको.