रोज २१०, सकाळीही २१०

"ताई, रोज रोज फुंकाले लावल्यानं पोट्ट्याचा दम उखडन नाई ना?"

दम्याच्या मुलांच्या आया मला हे विचारतातच विचारतात, कोणी दारातच विचारते, कोणी सगळं बोलून झाल्यावर जाता जाता. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. तर आधी सरळ उत्तर. पीक फ्लो मीटर म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायची साधी नळी, तिच्यात फुंकल्यानं दमा वाढत नाही. जोरात फुंकल्यावर एखादवेळी खोकल्याची उबळ येते, जरा गरगरल्यासारखं होतं, मग थोडं थांबायचं, बस. पण हा प्रश्न आला की त्याच्यामागं घरात अजून काय चाललंय ते मी विचारतेच, आणि ते मला एका पोरानं शिकवलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, त्याला आपण सोनू म्हणू.

सोनू ९ वर्षांचा, चौथीत. हिंगणघाटकडचं गाव, घरी कोरडवाहू शेती, आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. डॉक्टरांनी मीटर आणि वही दिली होती, सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, दम्याच्या औषधाचा पंप ओढायच्या आधी, तीन वेळा फुंकून त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दीड महिन्यानी वही घेऊन आले तर पानोपानी २१०, २१०, २१०. आणि त्याच दीड महिन्यात पोराला रात्री दोनदा वाफ द्यायला आणावं लागलं होतं! डॉक्टर म्हणाले ताई, तुम्ही जरा बोलून बघा.

आता कोणाचाही आकडा रोज सारखा येत नाही हो, तब्येत एकदम ठणठणीत असली तरी पाच-दहा इकडेतिकडे होतातच, आणि दम्याच्या मुलाचा तर बऱ्याचदा सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतो. शिवाय ते सगळे २१० एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. पण मी वहीवरून काहीच बोलले नाही. आईला चहा प्यायला पाठवलं आणि सोनूला म्हटलं, दाखव बरं बेटा कसं फुंकतोस. त्यानं मस्त करून दाखवलं, उभा राहिला, काटा शून्यावर आणला, छातीभर श्वास घेतला, ओठ घट्ट लावले आणि एका झटक्यात फुंकलं. १५० आले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बोटानं काटा हळूच सरकवून २१० वर नेला.

मी विचारलं, का रे बाळा?

तर म्हणाला, "कमी आलं की बाबा मले रागावते. आन् माय वेचाले जात नाई मंग, तिचा रोज बुडते."

मला पुढं काही सुचेचना. नऊ वर्षांचं पोरगं आईची मजुरी बुडू नये म्हणून स्वतःचा श्वास वाढवून दाखवत होतं.

आई आत आली तशी तीही रडायला लागली, म्हणे मी पहाटेच निघतो ताई, रात्री त्याले विचारतो किती आलं, तो सांगते तेच दोन्ही टाइमचं लिहितो. मी तिला रागावले नाही. कापसाच्या दिवसांत घरी बसून आकडे कोण लिहिणार? आणि खोटं लिहिलेली वही मी काही पहिल्यांदाच पाहत नव्हते.

मधल्या काळात डॉक्टरांनी नागपूरला श्वासाची दुसरी तपासणी करायला सांगितली होती, फेनो म्हणतात ती. ही मीटरच्या अगदी उलट, इथं जोर लावायचाच नाही, मुलानं सहा सेकंद एकसारखं हळू फुंकायचं, समोर स्क्रीनवर चित्र असतं ते पट्ट्याच्या आत ठेवायचं. आपल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी कणभर असतो, श्वासनळीला अ‍ॅलर्जीची सूज असली की तो वाढतो. मुलांमध्ये २० च्या खाली म्हणजे तशी सूज बहुधा नाही, ३५ च्या वर म्हणजे आहे. सोनूचा आला ४८. म्हणजे मीटर सांगतं नळी किती उघडी आहे आणि फेनो सांगते आत किती सुजलंय, दोन्ही वेगळ्या गोष्टी. आणि फेनो कमी आली म्हणून दमा नाहीच असं होत नाही, नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीनंही ती वाढते, त्यामुळं त्या एका आकड्यावर डॉक्टर काही ठरवत नाहीत. गावाकडं ही मशीन मिळत नाही म्हणून घाबरूही नका, काहीशे रुपयांचं मीटर आणि खरी वही यावर खूप काही कळतं.

रोज पंप चालू असून ४८ का? एकतर औषध छातीत पोचत नाही, नाहीतर घेतलंच जात नाही, नाहीतर धूळ-धूर फार आहे. इथं तिन्ही होतं. आजीनं रोजचा पंप फळीवर वर ठेवून दिला होता, "सवय लागते" म्हणून, घरघर लागली तरच काढायची, आणि तोही स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याशिवाय, थेट तोंडात. घरात पऱ्हाटीची चूल, वर सोयाबीनच्या थ्रेशरची धूळ.

पुढच्या खेपेला मी सगळ्यांनाच बोलावलं, बाबा आणि आजीलाही. म्हटलं आज सोनू एकटा नाही फुंकणार, आपण सगळे फुंकू. तोंडाची नळी प्रत्येकाला वेगळी दिली. मी फुंकलं, बाबांनी फुंकलं, सोनू हसायला लागला. मग आजी. चांगल्या उंच बाई, तीनदा फुंकलं आणि सगळ्यात जास्त आलं १४०. नातवापेक्षा कमी. खोलीत कोणी बोलेना. आजी एवढंच म्हणाल्या, "धूर लय गिळला व माय." त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं, त्यांची तपासणी वेगळी सुरू झाली. पण तेव्हापासून आजीला पंपाचं कळलं असं मला वाटतं. सूज उतरवायचं औषध रोज थोडं घ्यायचं असतं, घरघर नसली तरी, घेतल्यावर चूळ भरायची, आणि त्याची दारूसारखी सवय लागत नाही, हे मी आधीही सांगितलं होतं, पण ऐकलं त्यांनी त्या दिवशी.

बाबांकडून एकच कबूल करून घेतलं, कमी आकड्याला रागवायचं नाही. आकडा कमी आला तर काम मोठ्यांचं, पोराचं नाही.

मग दोन-तीन आठवडे रोजचा पंप स्पेसरनं नीट घेतल्यावर सोनूचा सगळ्यात चांगला खरा आकडा निघाला २२०. त्याचे ८० टक्के १७६, निम्मे ११०. आईनं कपाळाच्या टिकल्या मीटरवर लावल्या, १७६ ला हिरवी, ११० ला लाल. हिरवीच्या वर असला तर खेळायचं, शाळेत जायचं. दोघींच्या मधे आला तर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला अडचणीचा पंप, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा वेगळा पंप, द्यायचा आणि लक्ष ठेवायचं. लालच्या खाली आला तर तोच पंप देत देत दवाखाना गाठायचा. आणि हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगते, पोराला वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील तर मीटर शोधत बसू नका, स्पेसरनं अडचणीचा पंप द्या आणि १०८ ला फोन लावा.

आता सकाळचं फुंकणं आजीसमोर होतं, त्यामुळं आईचा रोज बुडत नाही. दोन महिन्यांनी फेनो २४ आली, डॉक्टर खूश होते, पण मी वहीच बघत बसले. १९५, २१०, १८५, २०५. एका पानावर १६०, आणि त्याच्यापुढं सोनूच्या अक्षरात, "आज शेजारी तुरीचं थ्रेशर होतं. आजीनं पंप दिला. संध्याकाळी १९०."